पडलेल्या मतांत पुढे, तरी दुकान चालूच: दारूबंदीच्या मोहिमेत पटवायचं कुणाला आणि कसं?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका गावातून आलाय. देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी तिथे महिलांचं मतदान झालं. पडलेल्या मतांत आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करा म्हणणारं मत, बरीच पुढे होती, तरी दुकान चालूच राहिलं. पत्रकं वाटून झाली, कीर्तन झालं, दारूनं मोडलेल्या संसारांचे व्हिडिओ फिरवून झाले. आता पुन्हा तयारी करायची तर लोकांना पटवायचं कसं, गावातल्या राजकीय गटांना बरोबर घ्यायचं की लांब ठेवायचं, आणि एखाद्या मोठ्या नेत्याची सभा लावली तर उपयोग होईल का, असं तिथं मोहीम चालवणाऱ्यांनी विचारलंय. सातारा-सांगलीच्या गावांत पाण्याच्या आणि दारूच्या प्रश्नांवर मी बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

गावातल्या बायकांना पटलं नाही म्हणून तुम्ही हरलात, असं मला वाटत नाही. त्यांना कधीच पटलेलं होतं. घरात पिणारा माणूस असला की दुकान नको हे बाईला कुणी शिकवावं लागत नाही. तुमची सगळी ताकद पटलेल्यांनाच पुन्हा पटवण्यात गेली. पटलेली बाई घरातून निघून मतदान केंद्रापर्यंत पोचेल कशी, हे मात्र कुणाच्या वाट्याला नव्हतं.

आधी नियम नीट बघा. शासनाच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो आणि मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायचं तर यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. हिशोब यादीवर होतो, झालेल्या मतदानावर होत नाही. (अर्ज करण्याआधी जिल्हा कार्यालयातून सध्याचे नियम लेखी घेऊन ठेवा. कुणीतरी सांगितलं म्हणून पुढे जाऊ नका.)

समजा यादीत १४०० बायका आहेत. तुम्हाला ७०१ मतं हवीत. मतदानाला ८५० जणी आल्या आणि त्यातल्या ६४० जणींनी आडवी बाटली केली, तर पडलेल्या मतांपैकी पाऊणशे टक्के तुमची, तरीही तुम्ही ६१ मतांनी हरलात. घरी बसलेल्या ५५० जणींनी काहीही न करता दुकान वाचवलं. दुकानदाराला हे चांगलं ठाऊक असतं. तो उभ्या बाटलीसाठी एकही मत मागत फिरत नाही. ‘त्या दिवशी घरातून कुणी बाहेर पडू नका’ एवढाच त्याचा प्रचार असतो.

यातून एक अवघड पेच तयार होतो, आणि तुमच्या गावात नेमकं तेच झालं असणार. मतदान गुप्त असतं खरं. पण दुकान राहावं असं वाटणारी बाई घरीच थांबणार असेल, तर केंद्राकडे निघालेली प्रत्येक बाई आडव्या बाटलीचीच, हे अख्ख्या गावाला कळतं. मत पेटीत गुप्त राहतं, चाल उघडी पडते. रस्त्यावर दोन माणसं नुसती उभी राहिली तरी पुरतात, बोलायची गरजच नसते. ज्या बाईचा मालक त्या दुकानात उधारीवर पितो, जिचा दीर दुकानदाराच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, जिचं घर दुकानदाराच्या भावकीत आहे, तिला मनातून सगळं पटलेलं असूनही ती चाळीस पावलं चालत नाही. तिला आणखी एक पत्रक देऊन काय होणार?

तिला लागतो तो आडोसा, आणि तो संख्येतून मिळतो. एकटी बाई निघाली तर ती अमक्याची सून म्हणून ओळखली जाते. आळीतल्या पंचवीस जणी एकदम निघाल्या तर कुणी कुणाकडे बघायचं? म्हणून केंद्रावर सुटं सुटं जाऊ द्यायचंच नाही. आळीवार, वस्तीवार वेळ ठरवायची आणि सगळ्यांनी मिळून निघायचं. दुकान राहावं असं वाटणाऱ्या घरांतल्या बायकांनाही आवर्जून बोलवायचं. त्या आल्या, उभ्या बाटलीवर शिक्का मारून गेल्या, तरी तुमचा फायदाच आहे. मतदानाला जाणं ही एका बाजूची खूण उरत नाही, आणि घाबरलेल्या बाईला ‘सगळ्याच गेल्या, म्हणून मीही गेले’ असं घरी सांगता येतं. हे वाक्य तिच्या हातात आधीच द्या. ती त्याची वाटच बघत असते.

आता यादी. मोहिमेचं पहिलं पाऊल सभा लावणं किंवा बॅनर छापणं असं बहुतेकांना वाटतं. मी आधी मतदार यादी घेऊन बसते. तुम्हीही बसा. प्रत्येक आळीतली एक जाणती बाई बोलवा, जिला घरन्‌घर माहीत आहे अशी. ती चष्मा लावून बसते, बाजूला नात नाव वाचते. ‘ही वारली. ही नांदायला मिरजेला गेली, नाव इथंच राहिलंय. ही ठाण्याला असते, यात्रेला येते. हिचं नाव दोनदा आहे बघ.’ दोन संध्याकाळीत तुम्हाला कळतं की १४०० पैकी कितीतरी जणी गावात नाहीतच. खानापूर-आटपाडी-तासगावकडची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरलीत. पाटण-जावळीकडची निम्मी घरं मुंबईला आहेत. जतकडची जोडपी ऊसतोडीला गेली की दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत घराला कुलूप असतं. यादीत २५० जणी अशा निघाल्या, तर ७०१ मतं उरलेल्या ११५० मधून आणायची आहेत. म्हणजे गावात असलेल्या दर पाच बायकांमागे तीन, आणि त्यावर थोड्या. निम्म्याची लढाई लढतोय असं तुम्ही धरून चालला होतात, प्रत्यक्षात ती साठ टक्क्यांच्या वरची होती.

वारलेल्यांची आणि कायमची गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी करायला रीतसर नमुना ७ चा अर्ज असतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीला फोन करून सांगा की बाई, तुझं नाव सासरच्या यादीत घालून घे. हे काम मतदानाच्या बरंच आधी, शांतपणे आणि खऱ्या कारणासाठीच करायचं. विरोधात जाईल म्हणून हयात, गावातच राहणाऱ्या बाईचं नाव उडवायचा विचारही मनात आणू नका. ते बेकायदा आहे, आणि एकदा असं केलंत की गाव तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. बीएलओकडून, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, यादीबद्दलची माहिती घ्या. हे काम बहुधा शिक्षकांकडे किंवा अंगणवाडी सेविकांकडे असतं, पण अंगणवाडी सेविकेला किंवा शिक्षकांना प्रचारात ओढू नका. त्यांच्या नोकरीचा प्रश्न असतो.

मग तारीख. मतदानाचा दिवस प्रशासन ठरवतं, पण अर्ज केव्हा द्यायचा हे तुमच्या हातात आहे. जत-आटपाडीत ऊसतोडीच्या हंगामात मतदान आलं तर हरणं ठरलेलं. तुमच्याकडे तासगावला द्राक्षांचं गणित बघावं लागेल. फळछाटणीनंतरची विरळणी, मग काढणी, मग बेदाण्याची शेड, या काळात मजूर बायका सकाळी टोळीच्या गाडीत बसल्या की अंधार पडल्यावरच परततात. मतदानासाठी हजेरी बुडवा असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? एक तर हंगाम टाळा. टाळता येत नसेल तर टोळीच्या मुकादमाशी आणि बागायतदारांशी आधी बोला. ‘त्या दिवशी काम दहानंतर सुरू करा’ एवढीच मागणी ठेवा. बागायतदार तुमच्याकडे येईल असं तुम्हाला वाटत नसेल, पण छाटणीच्या ऐन घाईत निम्मे गडी झिंगून येतात किंवा येतच नाहीत, हा त्याचा रोजचा त्रास आहे. दारू वाईट हे पटवायला त्याच्याकडे जाऊ नका, त्याच्या छाटणीबद्दल बोला. यात्रेच्या आसपास मतदान आलं तर मुंबईकर बायकाही गावात असतात. तशी विनंती लेखी करायला काही हरकत नाही.

आता सांगायचं काय आणि कुणी सांगायचं, याकडे येते. तुमची पत्रकं मी वाचली. त्यांत दारूचे यकृतावरचे परिणाम आहेत, संतवचनं आहेत, व्यसनमुक्त गावाचं स्वप्न आहे. सगळं खरं आहे, पण मागणी फार मोठी करून ठेवलीय. ‘दारू सोडा’ म्हटलं की प्रत्येक पिणारा माणूस आणि त्याचं घर तुमच्या विरोधात उभं राहतं. ‘शाळेच्या आणि एसटी स्टँडच्या वाटेवर हे दुकान नको’ म्हटलं की पिणाराही मान हलवतो. मी असे पिणारे बघितलेत, जे बायकोला म्हणतात, ‘जा, आडवी करून ये, डोळ्यासमोर दुकान नसलं तर माझीच दोन दिवस कमी होईल.’ मागणी जेवढी नेमकी, तेवढी माणसं तिच्यामागे येतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या साताऱ्यातलंच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवत होते, पण कायदा मागताना त्यांनी ‘अंधश्रद्धेवर बंदी’ असं काही मागितलं नाही. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत १२ ठरावीक कृत्यं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, गुप्तधनासाठी अमानुष कृत्यं करणं, साप चावल्यावर उपचारापासून रोखणं, अशी. विरोधक वर्षानुवर्षं सांगत राहिले की वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल. त्याला भाषणांतून उत्तरं दिली गेलीच, पण कायद्यातच स्वतंत्र कलम घातलं गेलं की प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, भजन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही. अफवेचा आधारच काढून घेतला. तरीही विधेयक वर्षानुवर्षं अडकून पडलं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉक्टरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात कायदा झाला. एवढी किंमत मोजून मिळालेला तो कायदा टिकला, त्यामागे मागणीचा हा नेमकेपणाही आहे, असं मी मानते.

तुमच्या गावात कुठल्या अफवा येणार हे आजच सांगता येतं. दुकान बंद झालं की हातभट्टी येईल. बंद करून उपयोग नाही, शेजारच्या गावात जाऊन पितील, येताना अपघात होतील. हे सगळं अमक्या गटानं सरपंचाला पाडायला चालवलंय. ह्या तिन्ही गोष्टी विरोधकांच्या तोंडून ऐकू येण्याआधी तुम्हीच बायकांना बैठकीत सांगा. ‘मतदानाच्या चार दिवस आधी तुमच्या दारात येऊन कुणीतरी असं म्हणेल.’ आधी सांगून ठेवलेलं बोलणं नंतर कुणी आणलं की बाई म्हणते, ‘आलं बघ, सांगितलं होतं तसंच.’ उलट अफवा पसरल्यावर माईक लावून तिचं खंडन करत बसलात, तर जिच्या कानावर ती गेलीच नव्हती तिलाही तुम्ही ती ऐकवली.

हातभट्टीच्या मुद्द्याला मात्र खरं उत्तर द्या, उडवून लावू नका. तो धोका आहेच. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली, तेव्हा अवैध दारू हेच मुख्य कारण दिलं होतं. बायकांना हे माहीत असतं, त्यांनी चोरटी विक्री बघितलेली असते. ‘बंदी झाली की सगळं सुरळीत होईल’ म्हणालात तर त्यांना तुम्ही पोरकट वाटता. त्याऐवजी दुकान बंद झाल्यावर पहिले सहा महिने कोण लक्ष ठेवणार, तक्रार कुणाच्या नावानं जाणार, पोलीस पाटलांची भूमिका काय, हे आधीच ठरवून सांगा. आणि ज्यांना सोडायचीय त्यांच्यासाठी काय सोय आहे तेही सांगा. साताऱ्यात दाभोलकरांनीच सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. नवऱ्याला उपचाराला नेता येईल ही माहिती घेऊन तुम्ही दारात गेलात, तर ती बाई तुमचं उरलेलं बोलणंही ऐकते.

व्हिडिओंबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. गटारीजवळ पडलेल्या माणसाचा व्हिडिओ तुम्ही गावाच्या ग्रुपवर टाकलात. तो माणूस कुणाचा तरी बाप आहे. त्या दिवशी त्याची बायको, आई, भावजया, चुलत सासवा अशा सगळ्यांनी मान खाली घातली. ज्या घराला दुकानाचा सगळ्यात जास्त त्रास, त्याच घराची मतं तुम्ही बंद करून टाकलीत. वाईट वाटेल, पण हे थांबवा आणि त्या घरी जाऊन बोलून या. मोबाईलचा चांगला उपयोग वेगळाच आहे. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलानं गावातल्या आईला फोन करून ‘आई, सकाळी सगळ्यांच्या बरोबर जाऊन ये’ म्हणायचं. त्या एका फोनपुढे शंभर फॉरवर्ड काहीच नाहीत. तुमच्या मंडळाच्या पोरांकडून बाहेरगावच्या मुलांची यादी करून घ्या आणि प्रत्येकाला एवढं एकच काम सांगा.

कोण बोलतंय याला आपल्याकडे फार वजन आहे. आटपाडीला १९९३ पासून पाणी परिषद भरत आली. सातारा, सांगली, सोलापूरचे १३ दुष्काळी तालुके कृष्णेच्या पाण्यासाठी तिथं एकत्र आले. त्यात पुढे होते स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, म्हणजे वाळव्याचे, कृष्णाकाठचे. त्यांच्या शिवारात पाणी होतं, कारखाना उभा होता. पाणी असलेला माणूस दुष्काळी भागासाठी पाणी मागतोय, हे दिसल्यावर ‘हे लोक स्वतःच्या फायद्यासाठी ओरडतात’ असं म्हणायला जागा राहिली नाही. सांगोल्याचे शेकापचे नेते गणपतराव देशमुख होते, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर होते. तिथं माणसं वेगवेगळ्या पक्षांतून आली होती, पण व्यासपीठावर मागणी एकच होती. तुमच्या गावात हे कसं करता येईल ते बघा. जिच्या घरात कुणी पीत नाही, जिचा काही स्वार्थ नाही आणि जिला गाव मान देतं, अशी एखादी आक्का बोलली पाहिजे. पीडित बाईला माईकसमोर उभं करून रडायला लावू नका. सभेत टाळ्या पडतात, घरी गेल्यावर तिला काय भोगावं लागतं ते बघायला तुम्ही तिथं नसता.

कृष्णाखोऱ्याच्याच पाण्याच्या चळवळीतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरणाची लढाई केली. मुक्ती संघर्ष चळवळीनं तिथं म्हटलं की पाणी घरटी समान मिळालं पाहिजे, ज्याला जमीन नाही त्यालाही. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. ऊस नको म्हणणं आपल्या भागात किती धाडसाचं होतं हे सांगायला नको. पण भूमिहीनाचा वाटा मान्य केल्याबरोबर, ज्यांचा शेतीच्या पाण्याशी एरवी काही संबंध नसता ती घरं या लढ्यात आली. तुमच्या मोहिमेत कुणाचा वाटा नाही ते शोधा. माझ्या अंदाजानं मागासवर्गीय वस्तीतल्या बायका तुमच्या समितीत नाहीत, आणि दारूबंदीचं भाषण करताना बोट मात्र त्यांच्याच वस्तीकडे जातं. ज्या बायकांना गाव कायम नाव ठेवतं, त्यांनी गावाच्या मोहिमेसाठी रांगेत का उभं राहावं? समितीत त्यांना सन्मानानं निम्म्या जागा द्या, पहिली बैठक त्यांच्या समाजमंदिरात घ्या. आणि पिणारे सगळ्या आळीत आहेत, हे पहिल्याच बैठकीत मोठ्यानं बोला.

बैठका लहान ठेवा. बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, दहा-बारा जणी असतील तिथं जा. मोठ्या सभेत बाई हात वर करते, लहान बैठकीत ती अडचण सांगते, आणि तुम्हाला अडचणच कळायला हवी. जाताना एक रिकामी बाटली बरोबर न्या. सतरंजीवर ती उभी करा आणि विचारा, ‘ही कुणाची?’ मग आडवी करा आणि विचारा, ‘आता?’ प्रत्येकीला हातानं एकदा आडवी करू द्या. पहिल्या दोघी लाजतात, नंतर हसणं सुरू होतं, आणि कुणीतरी म्हातारी ती अशी आपटते की सगळ्या टाळ्या वाजवतात. वयस्कर बायकांचा चित्रांत खरोखर गोंधळ होतो. ‘बाटली आडवी म्हणजे प्यायला ओतली’ असं समजणाऱ्या आज्या मी बघितल्यात. शिक्का दोन्हीकडे मारला की मत बाद. कोऱ्या कागदावर दोन चित्रं काढून दोनदा सराव करून घ्या.

सह्यांचं काम स्वतंत्र समजा. २५ टक्के लागतात म्हणून २५ टक्क्यांवर थांबू नका, चाळीसपर्यंत जा. पडताळणीच्या वेळी सही जुळत नाही, नावात चूक असते, आणि दबाव आला की बाई ‘ही सही माझी नाही’ म्हणते. तिच्यावर रागावू नका. तिनं सही नाकारली तरी मतदान गुप्त आहे, ती परत येऊ शकते, तिला दार उघडं ठेवा. पडताळणीच्या दिवशी सह्या केलेल्या सगळ्या जणी एकत्र हजर राहतील हे बघा. कोण किती खंबीर आहे याचा अंदाज त्याच दिवशी येतो.

मतदानाच्या दिवसाबद्दल फार सांगत नाही, कारण गावातल्या निवडणुका तुम्ही केल्यात, तंत्र तुम्हाला येतं. केंद्राबाहेर ठरलेल्या अंतरावर टेबल, हातात यादी, आलेलीच्या नावावर खूण, दुपारी बारा वाजता न आलेल्यांची आळीवार चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी घेऊन बाईनंच जायचं, पुरुषानं जायचं नाही. आदल्या रात्री साड्या आणि पाकिटं फिरतील. तुम्ही त्यात उतरू नका. घेतलेल्या बाईला शपथाही घालू नका. ‘घेतलंस तर घेतलंस, मत तुझं आहे’ असं म्हणा, ती ऐकते.

आता राजकीय गटांचा प्रश्न. आपल्या जिल्ह्यांत गाव म्हणजे दोन पॅनेल, आणि त्यांच्या मागे सोसायटी, दूध संघ, कारखाना. दारूचा प्रश्न एका पॅनेलचा झाला की दुसऱ्या पॅनेलच्या बायका घरी बसणार, आणि घरी बसलेलं प्रत्येक मत दुकानाच्या खात्यात. म्हणून राजकारण्यांना लांब ठेवणंही परवडत नाही आणि एकाला जवळ घेणंही परवडत नाही. दोन्ही गटांना सारख्या अंतरावर धरून दोघांकडून एकच गोष्ट मागायची: ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, दुकान बंद करण्याच्या ठरावाच्या बाजूनं हात वर करा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथून मागणी आली की ग्रामसभेत विरोध करणं कुठल्याच पुढाऱ्याला सोपं नसतं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असेल तर हे आणखी लवकर होतं, कारण तेव्हा दोघांनाही बायकांची मतं हवी असतात. मात्र आचारसंहिता लागण्याआधी काम उरका.

जुन्या आठवणींचाही आधार घ्या. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखात चाललं, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते. त्या प्रतिसरकारनं गावोगाव दारूबंदी केली, कमी खर्चातली गांधी-लग्नं लावली. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल तुमच्यापासून लांब नाही. ज्या घरांना त्या लढ्याचा वारसा आहे, ती घरं आज दोन्ही गटांत विभागलेली आहेत. ‘आपल्या आज्यांनी हे एकदा करून दाखवलंय’ हे त्यांच्या तोंडून आलं की हा प्रश्न कुठल्या पॅनेलचा राहत नाही.

राहिला मोठ्या नेत्याच्या सभेचा प्रश्न. मतदान होईपर्यंत लावू नका. नेता आला की स्टेजवर कोण बसलं, कुणाचा फोटो बॅनरवर लहान आला, यावर आठवडाभर चर्चा होते, आणि दुकानदार सगळीकडे सांगत सुटतो की बघा, हे राजकारणच होतं. नेत्याकडून घ्यायचं तर एकच काम घ्या. त्यानं गावातल्या आपल्या कार्यकर्त्याला फोन करून सांगावं की ‘यात आडवा येऊ नकोस.’ हे काम गुपचूप होतं आणि फार उपयोगी पडतं. दोन्ही बाजूंच्या नेत्यांकडे हीच मागणी घेऊन जा, अर्ज दाखल करण्याआधी जा, आणि एकाच दिवशी जा. एकाकडे सोमवारी जाऊन दुसऱ्याकडे पुढच्या आठवड्यात गेलात, तर तोवर दुसऱ्याच्या लेखी तुम्ही पहिल्याचे झालेले असता.